कर्नल तायडे सर आणि दगडावरचा एक शब्द

कर्नल दौलतराव तायडे सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि त्या भांडणात चूक माझी होती. सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागताना समितीने तो 'आटोपशीर आणि प्रसन्न' असावा असे कळवले आहे. आटोपशीर लिहिणे मला कधी जमले नाही, हे माझे विद्यार्थी सांगतील. प्रसन्न होण्याचा प्रयत्न मी शेवटाकडे करीन. आधी जे सांगायचे आहे ते सांगून टाकते.

गोष्ट पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आहे. मोताळ्याहून मलकापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. जे काम कुणालाच नको असते ते नव्या माणसाच्या गळ्यात पडते, तसे वेळापत्रक माझ्या गळ्यात पडले. कुणाचा तास कधी, कोण रजेवर, त्याच्या वर्गावर कुणाला पाठवायचे, हे सगळे शिक्षकखोलीतल्या मोठ्या तक्त्यावर शाईने मांडायचे. एक दिवस गणिताचे तायडे सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. सडसडीत बांधा, शर्टाला कडक इस्त्री, आवाज बेताचा.

"मॅडम, दिवाळीनंतर दोन महिने मी नसेन. प्रशिक्षणाला जायचं आहे."

"कसलं प्रशिक्षण?"

"प्रादेशिक सेनेचं. मी तिथे लेफ्टनंट आहे."

मला वाटले, चेष्टा करताहेत. गणिताचा मास्तर आणि लेफ्टनंट! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही सेना नोकरीधंदा करणाऱ्या माणसांची. एरवी माणूस आपले काम करतो, वर्षातून दोनेक महिने वर्दी चढवून प्रशिक्षण घेतो, आणि देशाला गरज पडली की बोलावतील तिथे आणि ठेवतील तितके दिवस जाऊन उभा राहतो. मला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. दोन महिने गणिताचे तास कुणाच्या माथी मारायचे, एवढेच डोक्यात होते.

"म्हणजे तुम्ही फौजीही अर्धवेळ आणि मास्तरही अर्धवेळ," मी म्हणाले. शिक्षकखोली खो-खो हसली. मला ते हसणे आवडले. एकदा हशा मिळाला की माणसाला थांबवत नाही. दुसऱ्या दिवशी तक्त्यावर त्यांच्या नावापुढे मी लाल शाईने कंसात लिहिले, '(अर्धवेळ)'.

सरांनी ते वाचले. खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दोन महिन्यांत बुडणारे सगळे धडे त्यांनी जाण्याआधीच, रोज सकाळी साडेसहाला ज्यादा तास घेऊन संपवायचे ठरवले होते. "माझ्या वर्गावर कुणाला पाठवायची पाळी येणार नाही," म्हणाले. "फक्त खोलीची किल्ली सकाळी मिळाली पाहिजे."

ती किल्ली त्यांनी पुढची वीस-बावीस वर्षे दरवर्षी मागून घेतली. थंडीत कुडकुडत, सायकली हाणत आसपासच्या खेड्यांतली पोरे त्या तासाला यायची, आणि सर त्यांच्या आधी येऊन फळा पुसून उभे असायचे. सीमेवरून अचानक बोलावणे आले तेव्हा त्यांचा इलाज नव्हता. एरवी त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला तास घ्यावा लागल्याचे मला आठवत नाही. आम्ही बाकीची पूर्णवेळ मंडळी मात्र लग्ने, बारशी, कापसाची वेचणी अशा कारणांनी सर्रास रजा टाकत होतो. आमचे तास कोण घेत होते? तायडे सर. तरी कंसातला शब्द त्यांच्याच नावापुढे राहिला. दरवर्षी जूनमध्ये तक्ता नवा यायचा आणि दरवर्षी मी तो शब्द सवयीने पुन्हा लिहायची.

सरांचे वडील मलकापूरच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठी उचलायचे. गाव आमचेच, धामणगाव बढ्याच्या अलीकडचे. पण आमचे घर वेशीच्या आत, त्यांचे गावकुसाच्या बाहेर, म्हणून ओळख व्हायला महाविद्यालय लागले. आमची जमीन होती, त्यांच्याकडे दोन हात होते. फौजेत का गेलात, असे मी त्यांना खूप वर्षांनी विचारले. चांगले ओळखीचे झालो होतो, तरी विचारताना मला अवघडल्यासारखे झाले. ते म्हणाले, "एकदा फौजेची गाडी धक्क्याजवळ थांबली होती. बाबांनी जवानांना पाणी दिलं. एकाने बाबांना नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग हात मिळवला. पुढे काहीच विचारलं नाही. बाबा घरी येऊन तेच सांगत होते, त्यानं पुढं काहीच इचारलं नाही. मी ठरवलं, असं जिथे चालतं तिथे आपण जायचं."

हे ऐकल्यावर मी घरी येऊन एक प्रश्न स्वतःला विचारला. तायडे सरांच्या जागी माझ्या नात्यातला, आमच्या आळीतला कुणी लेफ्टनंट असता, तर त्याच्या नावापुढे मी तो शब्द लिहिला असता का? उत्तर मला तेव्हाच मिळाले होते. ते उघडपणे लिहायला मात्र मी सत्तरी ओलांडली, याची मला लाज वाटते.

सरांच्या चांगुलपणाचे किस्से या ग्रंथात इतरांनी लिहिले असतील. माझा एकच सांगते. माझे यजमान अकोल्याला दवाखान्यात होते, तेव्हा सरांनी महिनाभर माझे मराठीचे तास घेतले. मी परत येऊन निबंधाच्या वह्या तपासायला बसले, तर 'माझा आवडता ऋतू' या निबंधाच्या शेवटी निम्म्या वर्गाने लिहिले होते, 'म्हणून हिवाळा हा उत्तम ऋतू आहे हे सिद्ध झाले.' मी सरांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बोलायचं तर पुराव्यानं बोला, इतकंच मी शिकवलं." त्या काळजीच्या दिवसांत मी महिन्याभराने पहिल्यांदा हसले ते त्या वह्यांवर.

आता प्रल्हाद सुरडकरांविषयी लिहायला हवे, कारण त्यांच्याशिवाय हा गौरव पुरा होत नाही. प्रल्हाद आमच्याच गावचे, मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सरांनीच त्यांना भरतीची वाट दाखवली आणि ते प्रादेशिक सेनेत जवान झाले. सर मेजर असताना पलटणीला सीमेवर बोलावणे आले. दोघेही गेले. तिथे एका पहाटे गस्तीवर पायाखाली सुरुंग फुटला आणि प्रल्हादांचा उजवा पाय घोट्याच्या वरून गेला.

ही बातमी घरी सांगायला सर स्वतः आले. तारेने किंवा फोनने कळवता आले असते. ते वर्दीतच प्रल्हादांच्या अंगणात उभे राहिले. प्रल्हादांच्या आईने त्यांच्या छातीवर मुठी आपटल्या. "माह्या लेकाले तूच नेलं! तू काऊन धडधाकट आला? तू काऊन आला?" सगळी आळी पाहत होती. सर हलले नाहीत. म्हातारी दमून खाली बसली, तेव्हा तेही तिच्याजवळ मातीत बसले.

प्रल्हाद घरी आल्यावर दोन-तीन महिने खाटेवरून उठेनात. सर रोज संध्याकाळी जायचे. एकदा प्रल्हाद म्हणाले, "साहेब, लंगड्या माणसाले काय जमते आता?" सरांनी सांगितले, "बसून जमते ते बसून कर. उभं राहून जमते ते उभं राहून कर. उद्या सकाळी तयार राह्य." दुसऱ्या दिवशी सर त्यांना स्कूटरवर मागे बसवून मोताळ्याला टायरच्या कामाची हत्यारे पाहायला घेऊन गेले. आज गावच्या स्टँडवर प्रल्हादांचे पंक्चरचे दुकान आहे, आणि ट्रॅक्टरचे चाक त्यांच्याइतक्या लवकर आसपास कुणी उतरवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावाने शाळेच्या फाटकाशी एक काळा दगड उभा केला. त्यावर गावातल्या फौजींची नावे कोरली. कल्पना उत्तम होती. पण नावे हुद्द्याप्रमाणे लागली नाहीत की भरतीच्या सालाप्रमाणेही नाहीत. गावच्या पंगतीत पूर्वी जो जिथे बसायचा त्या क्रमाने लागली, हे मी आमच्या घरातले नाव सर्वांत वर पाहूनच ओळखले. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: 'कर्नल दौलतराव तायडे (अर्धवेळ)', आणि त्याखाली 'जवान प्रल्हाद सुरडकर (अर्धवेळ)'.

गेल्या प्रजासत्ताक दिनी एका विद्यार्थिनीला माइकवरून ती नावे वाचायला सांगितली. गुणी मुलगी. जे लिहिले होते ते सगळे तिने खणखणीत आवाजात वाचले. "जवान प्रल्हाद सुरडकर, अर्धवेळ." पोरांच्या रांगांतून हशा उठला. प्रल्हाद कोटावर पदक लावून पुढच्या ओळीत उभे होते आणि त्यांची नात सातवीच्या रांगेत होती. त्या दिवसापासून प्रल्हाद दुकानात जायला शाळेसमोरचा रस्ता धरत नव्हते. नाल्याकाठच्या खडबडीत पायवाटेने, लाकडी पाय सांभाळत, लांबचा वळसा घालून जात होते. कुणी विचारले तर म्हणायचे, "त्या बाजूनं सावली असते." नाल्याकाठी एक झाड नाही.

हे सरांना कळले आणि नेमक्या त्याच आठवड्यात गौरव समिती सत्काराचे आमंत्रण घेऊन त्यांच्या घरी गेली. समितीत मीही होते. अध्यक्ष नारायणराव पाटील, गावचे माजी सरपंच आणि माझे एके काळचे विद्यार्थी, यांनी मोठ्या हौसेने फ्लेक्सचा नमुना उलगडला. त्यावर लिहिले होते, 'जनरल दौलतराव तायडे'.

सर म्हणाले, "नारायणराव, मी जनरल नव्हतो. कर्नल होतो."

"सर, लोकायले जनरलच समजते. मोठं वाटते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. फ्लेक्सवर जनरल आणि दगडावर अर्धवेळ! फ्लेक्स चार दिवसांत फाटतो म्हणून त्यावर मन मोठे करायचे, आणि दगड टिकतो म्हणून तिथे हात आखडायचा. हा हिशेब आपल्या लोकांना बरोबर जमतो.

सर मात्र शांत होते. "सत्कार घेतो. एक अट आहे. प्रल्हादच्या नावापुढचा शब्द काढा."

नारायणराव गडबडले. "सर, कोरीव काम हाय. पाहुण्यायच्या हातानं उद्घाटन झालं. आता छिन्नी लावली तं लोक काय म्हणतीन? आन् खोटं तं काही लिवलं नाही ना."

सरांचा आवाज चढलेला मी पंचेचाळीस वर्षांत तेवढा एकदाच ऐकला, आणि त्यांची स्टाफरूममधली भाषाही गळून पडली. "नारायणराव, त्याचा पाय चोवीस घंटे गेलेला असते! रात्री झोपते तवाही गेलेला असते! तो काय सुट्टीच्या दिवशी परत येते?"

मग नारायणरावांनी हळूच विचारले, "आन् तुमच्या नावापुढचा?"

"माह्या नावाचं राहू द्या. मले त्याची सवय हाय."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

पुढचा महिना समितीने पळवाटा शोधण्यात घालवला. शब्दाच्या खाचांत रंगाऱ्याची लांबी भरून वरून काळा रंग देऊ. माइकवर फक्त नावे वाचायला सांगू. कार्यक्रमापुरता दगडावर हार असा घालू की खालच्या ओळी झाकतील. सरांचे प्रत्येक वेळी एकच उत्तर होते, "मंग तो हार तुम्हीच घालून घ्या. मी येत नाही." सभागृह ठरलेले, पत्रिका छापलेल्या, आणि सत्कारमूर्ती हटून बसलेले. काहींनी त्यांना हेकट म्हटले. हो, आहेत ते हेकट. पाऊण शतक ज्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितले नाही, त्यांनी आपल्या जवानासाठी हट्ट धरला, तर मी तो हट्ट डोक्यावर घेऊन मिरवीन.

शेवटी मी एकटी नारायणरावांकडे गेले. चांगले फैलावर घेतले. "कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला रे हा शब्द?"

ते खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, रागावू नका. शब्द तुमचाच हाय. आम्ही पोट्टे स्टाफरूमच्या खिडकीतून तक्ता पाहत होतो ना. तायडे सरायच्या नावापुढं लाल शाईनं रोज दिसे. यादी करताना तोच आठवला. मॅडमनं लिवला म्हणजे बरोबरच असन, असं वाटलं."

मी आयुष्यभर शुद्ध लिहा, जपून लिहा म्हणून पोरांच्या वह्या लाल केल्या. त्यातले किती कुणाच्या लक्षात राहिले, देव जाणे. हा एक शब्द मात्र त्यांनी असा लक्षात ठेवला की दगडावर जाऊन बसला. एका हशासाठी लिहिलेला शब्द माझ्या वर्गातून निघून, पाय गमावलेल्या माणसाच्या नावाला चिकटला होता. मी नारायणरावांना सांगितले, ही सगळी हकिगत मी गौरवग्रंथात लिहिणार आहे. छापायची तर पूर्ण छापा, नाहीतर माझा लेखच नको. आणि शब्द निघाला नाही तर सत्काराच्या दिवशी मी त्या दगडापाशी बसून राहीन, मग पाहुण्यांना काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. नारायणराव मग म्हणाले, "रविवारी पाथरवट बोलावतो."

रविवारी सकाळी आम्ही मोजकी माणसे शाळेच्या फाटकाशी जमलो. सर पांढऱ्या सदऱ्यात आले होते. थोड्या वेळाने शाळेसमोरच्या रस्त्याने, अगदी मधून चालत, प्रल्हाद आले. नारायणराव पुढे झाले आणि त्यांनी प्रल्हादांना हात जोडले. "भाऊ, चुकलं आमचं." प्रल्हादांनी नुसती मान हलवली. पाथरवटाने छिन्नी लावली. बारीक बारीक कपचे उडू लागले आणि अर्ध्या तासात 'जवान प्रल्हाद सुरडकर' एवढेच उरले. प्रल्हादांनी आपल्या नावावरून बोट फिरवले. नाव संपले तिथे बोट थांबले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

पाथरवटाने विचारले, "आन् वरचं, साहेब?"

"राहू दे," सर म्हणाले.

"द्या ती छिन्नी इकडे," मी म्हणाले.

सर चपापले. "मॅडम, हाताला लागेल."

"लागू द्या. लिहिताना नव्हतं लागलं."

सर एक पाऊल बाजूला सरले. मी हातोडी मारली ती दगडाऐवजी छिन्नीच्या कडेला बसली. दुसरी हवेत गेली. सत्तरीच्या बाईला पाथरवटाचे काम कुठले जमायला! तेव्हा प्रल्हाद पुढे आले, गुडघा टेकून बसले आणि त्यांनी छिन्नी धरली. "मी धरतो, तुम्ही मारा," म्हणाले. "पण बेतानं मारा मॅडम. पाय गेला तो गेला, हे बोट राहू द्या."

सर मोठ्याने हसले. मी रडत होते आणि हातोडी मारत होते. वर्षानुवर्षे तक्त्यावर जो शब्द मी क्षणात लिहीत होते, तो काढायला मला आणि प्रल्हादांना पाऊण तास लागला. दगडावर तिथे आता ओबडधोबड खड्डा पडला आहे. नारायणराव म्हणाले, घासून गुळगुळीत करून घेऊ. सरांनी नको सांगितले. पोरांनी विचारले पाहिजे, इथे काय होते म्हणून, आणि कुणीतरी खरे सांगितले पाहिजे. ते सांगायचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. या लेखाने त्याची सुरुवात केली असे समजावे.

आता समितीला हवे होते ते प्रसन्न. सर, सत्काराच्या दिवशी फ्लेक्सवर 'कर्नल' असेल, मी स्वतः पाहून आले आहे. तुमचे गुडघे कुरकुरतात आणि साखर अधूनमधून वर जाते हे वहिनींनी मला सांगितले आहे. त्या दोघांनाही तुमची शिस्त लागो. सकाळची तुमची फेरी अशीच पुढची पंचवीस वर्षे शाळेसमोरच्या रस्त्याने होत राहो, आणि प्रल्हाद तुमच्या बरोबरीने त्याच रस्त्याने चालत राहोत. येत्या जानेवारीत झेंड्याखाली तुम्ही दोघे पुढच्या ओळीत ताठ उभे असाल. माइकवर कुणी मुलगी दगडावरची नावे वाचेल. शेवटी ती तुमचे नाव घेईल, मग प्रल्हादांचे, आणि तिथे ती थांबेल, कारण पुढे वाचायला काहीच नसेल.